संकेतस्थळावर दिसले म्हणजे खरे?

डिसेंबर जवळ आला की आमच्या शाळेत १९८४ च्या वायुदुर्घटनेवरचे प्रकल्प येऊ लागतात. एकाच वर्गातल्या चार वह्यांत मृतांचे चार आकडे असतात. विचारले तर सगळ्यांचे उत्तर एकच: "बाई, नेटवर होतं." भोपाळच्या मुलांनी तरी एवढ्यावर थांबू नये, असे आम्हांला वाटते.

कारण खोट्या संकेतस्थळावर विसंबल्याने काय होते, हे या शहराने पाहिले आहे. ३ डिसेंबर २००४ रोजी, दुर्घटनेला वीस वर्षे झाली त्या दिवशी, बीबीसीच्या वाहिनीवर एक गृहस्थ डाऊ केमिकल कंपनीचे प्रवक्ते म्हणून आले. युनियन कार्बाइड डाऊने २००१ मध्ये घेतली होती. कंपनी पूर्ण जबाबदारी स्वीकारते आणि १२ अब्ज डॉलर देते, असे त्यांनी सांगितले. १९८९ च्या तडजोडीत मिळाले होते ४७ कोटी डॉलर! बातमी जगभर गेली. काही तासांतच उलगडा झाला की ते गृहस्थ 'द येस मेन' या गटाचे होते. या गटाने डाऊच्या नावाने एक नकली संकेतस्थळ काढले होते आणि बीबीसीने प्रवक्त्यासाठी तिथेच संपर्क साधला होता.

कंपनीला लाजवावे, हा त्यांचा हेतू. त्याचे कौतुकही झाले. पण ज्या पीडितांनी ती बातमी खरी मानली, त्यांच्या आशेचे काय? आमच्या मते, हेतू चांगला असला तरी खोट्याची किंमत दुबळ्यालाच मोजावी लागते.

मग संकेतस्थळ अधिकृत असले की झाले? तसेही नाही. मृतांचा सुरुवातीचा सरकारी आकडा २,२५९ होता, पुढे राज्य सरकारने ३,७८७ सांगितला आणि पीडितांच्या संघटना याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. कोणी मोजले, केव्हा मोजले आणि कोणाला मोजणीत धरले, यावर आकडा बदलतो.

म्हणून मुलांनो, आकडा लिहाल तेव्हा त्यापुढे तीन गोष्टी लिहा: कोणी सांगितला, कोणत्या वर्षी सांगितला आणि दुसरीकडे कुठे पडताळला. पालकहो, प्रकल्प छापून देण्याआधी एवढे जरूर विचारा. आणि घरात त्या रात्रीची आठवण असलेले आजी-आजोबा असतील, तर आधी त्यांच्याजवळ बसा. संगणक नंतर सुरू केला तरी चालेल.