चौल बंदरातील फ्रेंच वकील आणि ऐतिहासिक कादंबरी

फ्रेंच राज्यक्रांतीवरील कादंबरी म्हटली की आपले अध्यापक डिकन्सपाशी थांबतात. त्या क्रांतीत १७९३ साली ज्याचा शिरच्छेद झाला, त्या सोळाव्या लुईचा वकील म्हणवणारा सेंट ल्युबिन १७७७ मध्ये आमच्या चौल बंदरात उतरला होता, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. नाना फडणिसांनी पुण्यात त्याची बडदास्त ठेवली; मुंबईकर इंग्रज धास्तावले, आणि वडगावास (१७७९) फसलेल्या त्यांच्या मोहिमेला हेही एक निमित्त ठरले.

तो तोतया होता, असे इंग्रजांचे म्हणणे. कादंबरीकाराने ते जसेच्या तसे उचलावे काय? माझ्या मते नाही. प्रतिपक्षाचा शेरा हा पुरावा नव्हे.

याहून अवघड मोह निराळाच आहे. १७८९ आपणांस ठाऊक आहे, नानांना नव्हते. त्यांच्यापुढील प्रश्न रोकडा होता : इंग्रजांविरुद्ध फ्रेंच फौज मिळेल काय, आणि त्यासाठी बंदर द्यावे काय? चौलच्या धक्क्यावरच गिलोटिनची चाहूल लावणारा लेखक नानांचे हे राजकारणच पुसून टाकतो. रेवदंड्याच्या कोळ्याने ते जहाज कसे न्याहाळले असेल, तेथे मात्र कल्पनेला पूर्ण मुभा असावी.