मोत्याची नखे, आजोबांची त्वचा

घरातील कुत्रा हा उतारवयातील मोठा सोबती असतो. त्याच्यामुळे सकाळचे फिरणे चुकत नाही आणि रिकाम्या दुपारी कोणाची तरी चाहूल राहते. मात्र अशा घरांतील ज्येष्ठांना तपासताना त्यांच्या हातापायांवर ओरखडे आढळतात. विचारले, तर उत्तर मिळते, "काही नाही डॉक्टर, दाराची कडी लागली." खरे कारण सांगितले तर मुले मोत्याला कोणाला तरी देऊन टाकतील, ही भीती त्यामागे असते. ओरखडे लपवण्यापेक्षा नखे वेळेवर बोथट करणे केव्हाही श्रेयस्कर.

वयानुसार त्वचा पातळ होते आणि जरा ओरखडली तरी फाटते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्राव लवकर थांबत नाही. मधुमेह असेल तर जखम चिघळू शकते. वाढलेल्या नखांचा त्रास कुत्र्यालाही होतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही. ते वळून मांसात रुतू शकते. फरशीवर चालताना नखांची टकटक ऐकू येऊ लागली, की वेळ झाली असे समजावे.

नखाच्या आत रक्तवाहिनी व मज्जातंतू असलेला नाजूक भाग असतो, तीच जिव्हाळी. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. कटरच्या एका दाबात ती कापली जाण्याचा धोका असतो. बॅटरीवर चालणारे ग्राइंडर म्हणजे छोटी फिरती कानसच. ते नख थोडे थोडे झिजवते आणि कडा गोल करते.

यंत्र आणल्याच दिवशी वापरू नये. प्रथम ते बंद ठेवून कुत्र्याला हुंगू द्यावे. पुढील काही दिवस दूर ठेवून त्याचा आवाज ऐकवावा आणि प्रत्येक वेळी खाऊ द्यावा. तो निवांत राहू लागला, की एकच नख घासावे. वेग कमी असावा. यंत्र नखाला दोन-तीन सेकंदच लावावे, कारण घर्षणाने नख तापते. पंजावरील लांब केस मागे धरावेत. ते यंत्रात गुंततात. आपले केस बांधावेत, ओढणी-पदर खोचून घ्यावा. नखांची भुकटी उडते, म्हणून मास्क व चष्मा लावावा. दम्याच्या रुग्णाने दूरच बसावे. काळ्या नखाच्या टोकाशी मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला, की थांबावे. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोर लावून काही मिनिटे दाबून धरावे. कुत्रा गुरगुरू लागला, तर बळजबरी न करता पशुवैद्यांकडे न्यावे.

ज्यांचा हात थरथरतो, नजर मंदावली आहे किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी यंत्र घरातील तरुणाच्या हाती द्यावे. आजोबांनी खाऊ भरवावा आणि पाठीवरून हात फिरवावा. मोत्याला शांत ठेवण्याचे काम त्यांच्याइतके कोणालाच जमणार नाही.

तरीही ओरखडा उमटला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावा. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. त्वचेचा पापुद्रा सुटला असेल, तर तो ओढून काढू नये आणि त्यावर थेट चिकटपट्टी लावू नये. कुत्रा पंजे चाटतो, त्यामुळे नखांना लाळ लागलेली असू शकते. म्हणून त्याचे लसीकरण झालेले असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. रेबीज व धनुर्वात या दोन्ही लसींचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आईवडिलांच्या हातावर ओरखडा दिसला, तर "तरी सांगत होतो, कुत्रा नको" असे म्हणू नये. त्या एका वाक्यामुळे पुढची जखम लपवली जाते, आणि लपवलेली जखम उपचाराला मुकते.