इशारा : तीस दिवसांत खोका उघडा

‘सुपरकपॅसिटर’, ‘ग्राफीन’ अशी भारदस्त नावे लावून घरांना आणि सोसायट्यांना वीजसाठवणीचे खोके विकणारे उत्पादक, त्यांचे वितरक आणि त्यांच्या जाहिरातींत झळकणारे चेहरे, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. पाच मिनिटांत चार्ज, लाखो वेळा वापर, आगीची भीती नाही, असे दावे करत असाल तर ते सिद्ध करा. त्याआधी कोणत्याही सोसायटीच्या सिंकिंग फंडाला हात लावू नका.

आता हिशेब ऐका. दहा युनिट वीज पाच मिनिटांत भरायची तर १२० किलोवॉटची जोडणी लागते. साध्या फ्लॅटचा मंजूर भार त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बाजारात मिळणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये किलोमागे साधारण ५ ते १० वॉट-तास ऊर्जा मावते. म्हणजे साडेतीन युनिटांसाठी नुसत्या सेलचेच वजन ३५० किलोंच्या पुढे जाते. तुमचा साडेतीन युनिटांचा खोका दोन माणसे उचलून भिंतीला टांगत असतील, तर आत दुसरेच काही आहे. लिथियमचे सेल असतील तर तसे सांगा. लिथियम टायटनेट हे चांगले, टिकाऊ रसायन आहे, पण ते बॅटरीचे रसायन आहे. ते कपॅसिटर म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

हे ओळखणे अवघड नाही. कपॅसिटर रिकामा होताना त्याचा व्होल्टेज सतत उतरत जातो. तो निम्म्यावर आला की तीन चतुर्थांश ऊर्जा संपलेली असते. बॅटरीचा व्होल्टेज बराच वेळ टिकतो आणि शेवटी कोसळतो. व्होल्टेजच्या या उताराचा आलेख मागणाऱ्या ग्राहकाला ‘कंपनीचे गुपित’ म्हणून वाटेला लावणे यापुढे चालणार नाही.

गुपिताच्या नावाखाली काय घडते, ते अमेरिकेत दिसले आहे. टेक्सासच्या ईईस्टोर कंपनीने बेरियम टायटनेटचा कपॅसिटर ३५०० व्होल्टवर चार्ज करून सुमारे १५० किलो वजनात ५२ युनिटे साठवण्याचा दावा केला. २००६ साली पेटंट मिळाले. क्लायनर पर्किन्ससारख्या नामांकित गुंतवणूकदारांनी पैसे घातले, २००८ मध्ये लॉकहीड मार्टिनने करार केला. कॅनडाच्या झेन कंपनीने तर त्याच भरवशावर एका चार्जमध्ये ४०० किलोमीटर धावणारी मोटार जाहीर केली. ती मोटार कधीच आली नाही. इतक्या तीव्र विद्युतक्षेत्रात या पदार्थाची भार धरण्याची क्षमता घसरते, हे जाणकार सुरुवातीपासून सांगत होते. पेटंट म्हणजे यंत्र चालल्याचा दाखला नव्हे, आणि मोठ्या नावाचा करार म्हणजे चाचणीचा अहवाल नव्हे.

साठवणीला आमचा विरोध नाही. घाटघरला पाणी वर चढवून २५० मेगावॉटचा प्रकल्प चालतोच आहे, आणि छतावरच्या सौरऊर्जेला उद्या घरोघरी साठवण लागणारच आहे. म्हणूनच खोटा माल खपवून घेणार नाही. यात जिवाचाही प्रश्न आहे. २०१९ मध्ये ॲरिझोनातील सरप्राइज येथे साठवण केंद्रात स्फोट होऊन चार अग्निशमन जवान गंभीर जखमी झाले. खोक्यात काय आहे, हे आग विझवायला येणाऱ्याला आधी कळलेच पाहिजे. पाटीवर खोटे नाव लिहिणारा त्याच्या जिवाशी खेळतो.

हा इशारा प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत तीन गोष्टी जाहीर करा : सेलचे खरे रसायन; वजन आणि प्रत्यक्ष मिळणारी युनिटे; आणि डिस्चार्जच्या आलेखासह एनएबीएल-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल. ग्राहकाने मागितल्यास त्याच्यासमोर खोका उघडून दाखवा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी जाहिराती मागे घ्याव्यात आणि आगाऊ घेतलेल्या रकमा परत कराव्यात.

सोसायट्यांच्या कमिट्यांनीही ऐकावे. हे कागद हातात पडेपर्यंत एकाही धनादेशावर सही करू नका. केलीत तर सर्वसाधारण सभेत उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

३१व्या दिवशी जिल्हाधिकारी आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे लेखी तक्रारी जातील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड लावू शकते, पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत. खोट्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. मुदत वाढवून मिळणार नाही.