स्वस्त चाक आणि परवडणारं चाक



आमच्या टिळकवाडीच्या घरात सायकल म्हणजे अण्णांची काळी, बावीस इंची. मागच्या कॅरिअरला भाजीची पिशवी, पुढच्या दांड्यावर मी, आणि रात्री डायनॅमोची घरघर. चाकाला दोनच रोग होतात असं अण्णा म्हणायचे, एक पंक्चर आणि दुसरा आउट. दुसऱ्या गेटजवळचा सायकलवाला दोन्हीवर इलाज करायचा, तेही उधारीवर.

त्याच घरात गेल्या महिन्यात चाकांवरून दोन दिवस वाद चालला होता. पुतण्या १८ वर्षांचा, रोड रेसिंग करतो. त्याला खोल रिमची कार्बनची चाकं हवीत. मोबाईलवर दाखवली. ८० मिलिमीटर खोल रिम, बनवणाऱ्याचं नाव धड नाही, किंमत ३५ हजार. दादाचा पारा चढला. "माझी पहिली स्कूटर याहून स्वस्त होती की!" वहिनी गप्प. शेवटी निकाल माझ्यावर सोपवला, कारण असल्या चाकावरून पडलेला घरात मी एकटाच.

ती गोष्ट सांगतोच. दहा-बारा वर्षांपूर्वी मीही अशीच बिननावाची कार्बनची चाकं घेतली होती. सायकलला रिम ब्रेक, म्हणजे ब्रेकचे रबर थेट रिमलाच घासणार. कार्बनच्या रिमला वेगळे रबर लागतात. ते महाग, म्हणून मी जुनेच ठेवले. मार्चच्या उन्हात जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला गाठला आणि केरीकडे उतरायला लागलो. घाटभर ब्रेक दाबून धरलेला. ॲल्युमिनियम उष्णता लवकर सोडतं, कार्बन सोडत नाही. रिम तापली, आतलं रेझिन मऊ पडलं, हवेच्या दाबाने रिमची कड बाहेर फाकली आणि ट्यूब फुटली. कॉलरबोन मोडलं. विकणाऱ्याला कळवलं, तर त्याचा फोनच बंद. तरी अर्धी चूक माझी होती हे कबूल.

हे ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या सायकलीला रिम ब्रेक होते. माझ्या सायकलीला डिस्क आहेत की." आणि पोराचं खरं होतं. डिस्क ब्रेकमध्ये तापते ती तबकडी, रिम नाही. म्हणजे माझी भीती त्याच्या सायकलीला जशीच्या तशी लागू नव्हती. आपण मोठी माणसं पुष्कळदा आपला जुना अपघात पोरांच्या गळ्यात बांधतो. तेव्हा 'कार्बन नकोच' हा हेका मी सोडला. ज्यांच्याकडे अजून रिम ब्रेकची सायकल आहे, त्यांना मात्र सांगेन की ब्रेक लागणारी पट्टी ॲल्युमिनियमचीच असू द्या. घाट उतरायचा असेल तर नक्कीच.

मग आम्ही दोघं हिशेबाला बसलो. खोल रिमचा फायदा खोटा नाही. सपाट रस्त्यावर वेगात जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते, आणि वेग वाढला की लागणारी ताकद घनाच्या पटीत वाढते. ताशी ३६ वरून ४० किलोमीटरवर जायचं तर वाऱ्याशी झुंजायला सुमारे ३७ टक्के जास्त जोर लागतो. पण वारा अडवतो कोण? सगळ्यात जास्त आपलं स्वतःचं अंग. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंद मागे होता. त्याने अंग चोरून पुढे झुकायला लावणारं हँडल वापरलं आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी जिंकली. म्हणून आधी बसणं सुधारायचं. त्याला पैसे पडत नाहीत, पाठ-मांड्यांची मेहनत पडते.

चाकाने समजा २५० वॅटमधले ५ वॅट वाचवले, तर तासभर एकट्याने चालवल्यावर वीस-पंचवीस सेकंद वाचतात. शर्यतीत ते कमी नाहीत. पण जाड, कडक टायर काढून चांगला मऊ, वेगवान टायर घातला तरी तेवढे वाचू शकतात, आणि खर्च चाकांच्या मानाने किरकोळ.

आता खरा मुद्दा, वारा. आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचीच्या पठारावर. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की छत्री धड राहत नाही. पोराचं वजन ५४ किलो. ८० मिलिमीटरची रिम म्हणजे पुढच्या चाकाला शीड लावल्यासारखं. आडवा झोत आला की हँडल हातातून ओढलं जातं, आणि शर्यतीत शेजारी दुसऱ्याचं चाक वीतभर अंतरावर असतं. मागचं चाक हँडलला एवढं ओढत नाही. म्हणून पुढे ४० च्या आसपास आणि मागे ५० हे त्याच्या वजनाला आणि आपल्या रस्त्यांना झेपणारं माप. शिवाय २०२६ पासून यूसीआयने समूहाने धावायच्या रोड शर्यतींत रिमची खोली ६५ मिलिमीटरपर्यंतच ठेवली आहे. उद्या पोरगं मोठ्या शर्यतीत उतरलं, तर ८० ची जोडी माळ्यावर टाकावी लागेल.

रुंदीही बघा. रिमची बाहेरची रुंदी टायरच्या रुंदीपेक्षा निदान ५ टक्के जास्त असावी असा एक ठोकताळा आहे. २८ चा टायर असेल तर रिम साडेएकोणतीसच्या आसपास हवी. टायर रिमबाहेर फुगला तर खोल रिमचा बराचसा फायदा वाऱ्यावरच जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिमला आतून हुक आहे का ते विचारा. बिनहुकाच्या रिमवर फक्त तिच्यासाठी चालणारे ट्यूबलेस टायरच बसवायचे, आणि हवा जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या आसपास. आमचा पोरगा सवयीने १०० मारत होता! बिनहुकाच्या रिमवर एवढी हवा भरली तर टायर उडू शकतो. विकणारा हे आकडे लेखी देत नसेल तर ते चाक फुकटही नको.

शेवटी ठरलं ते असं. या वर्षी टायर, आणि बसणं सुधारणं. दिवाळीनंतर चाकं. चीनमध्ये बनलेली असली तरी हरकत नाही, पण बनवणाऱ्याचं नाव, वजनाची मर्यादा आणि लेखी वॉरंटी हवी. तार तुटली तर गावात मिळणारी आणि आउट गावातच काढता येईल अशी. सीमाशुल्क, जीएसटी धरून किंमत त्या ३५ हजारांच्या वर जाईल, हे दादाला आधीच सांगितलंय. निम्मे दादा देणार, पाव मी, आणि उरलेले पोरगा सुट्टीत काम करून.

माझं मत एवढंच. विकत घेताना कमी पैसे पडतात ते स्वस्त. पडल्यावर दवाखान्याचं बिल येत नाही ते परवडणारं. आणि आईबापांनीही 'हे सगळे नखरे' म्हणून हात झटकू नयेत. घरातून नकार मिळाला की पोरं गुपचूप स्वस्तातलं मागवतात. मी तसंच केलं होतं. अण्णांना विचारलं असतं, तर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला असता: "आणि याचा ब्रेक लागतो कसा?"

गोव्याच्या, इंदूर-बडोद्याच्या मंडळींनो, तुमच्याकडची पोरं कुठली चाकं वापरतात? आणि चोर्ल्याचा वारा खाल्लेलं आणखी कोणी आहे का इथे? जरूर लिहा.