गाडी चमकवण्याआधी गॅरेजचा उजेड पाहा

आमच्या देवगाव रंगारीच्या नावातच रंगाचा हुनर आहे. कापडाच्या धंद्यात जाणते गिऱ्हाईक ठाण दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात नेऊन रंग पारखते. कारण बल्बखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात. मोटारीच्या रंगालाही हाच नियम लागू आहे.

आपल्या समाजातील अनेक तरुण डेंटिंग-पेंटिंग, वॉशिंग आणि पॉलिशच्या कामात आहेत. या कामालाच आता ‘डिटेलिंग’ म्हणतात. कर्ज काढून मशिनी घेतल्या जातात, पण दिवे व वायरिंगचा विचार शेवटी होतो. माझ्या मते तो सर्वांत आधी व्हावा.

छताच्या मधोमध एकच ट्यूब असली की गाडीच्या बाजू सावलीत राहतात. पॉलिशचे जाळीसारखे बारीक ओरखडे तिरप्या उजेडातच दिसतात. म्हणून छताबरोबर दोन्ही भिंतींवर, दरवाज्याच्या उंचीला एलईडी पट्ट्या लावाव्यात; एक हातदिवाही ठेवावा. दिवे ५००० केल्विनच्या आसपासचे आणि सीआरआय ९० च्या वरचे घ्यावेत, म्हणजे रंग खरा दिसतो. भिंतींना पांढरा रंग द्यावा.

आता विजेचा हिशेब. २ हॉर्सपॉवरचा पंप सुमारे १५०० वॅट, ३ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर २२४०, पॉलिशर १२००, व्हॅक्यूम १४००, दिवे ३२०. बेरीज ६६६० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ २९ अँपिअर. शिवाय मोटार सुरू होताना कैक पट करंट ओढते. घरच्या वायरिंगवर हा भार टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण. थ्री-फेज जोडणी घेऊन भार वाटून द्यावा.

घरगुती मीटरवर धंदा चालवू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते. वाचवलेले पैसे व्याजासकट जातात, आणि रोजी हलाल राहते का, हा सवाल वेगळाच.

जिथे पाणी आहे तिथे विजेशी खेळ नको. पक्के अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, पाणी उडणार नाही अशा उंचीवर झाकणाचे बोर्ड आणि परवानाधारक वायरमन, यांत कंजुषी करू नये. काम करणारा पोरगा कोणाच्या तरी घरचा चिराग असतो.

शेवटी मुद्दा इमानाचा. मालाचा ऐब लपवून विकू नये, ही आपल्याला तालीम आहे. अंधाऱ्या गॅरेजमध्ये ऐब आपोआप लपतो. भरपूर उजेडात गिऱ्हाईकाला काम दाखवा आणि मगच पैसे घ्या. इन्शाअल्लाह, तेच गिऱ्हाईक आणखी दोघांना घेऊन येईल.