विश्लेषण : गेमिंगसाठी आधी मॉनिटर बदलावा की ग्राफिक्स कार्ड?

वर्षभर साठवलेले वीस-पंचवीस हजार रुपये हातात आहेत. घरातला गेमिंग पीसी तीन-चार वर्षांचा झाला आहे आणि दोन्ही गोष्टी एकदम घेणे परवडणारे नाही. अशा वेळी बहुतेकांची पावले ग्राफिक्स कार्डाकडेच वळतात. नव्या कार्डाचे नाव मित्रांत सांगता येते, मॉनिटरचे मॉडेल कुणी विचारत नाही. पण ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळणाऱ्या अनेकांच्या बाबतीत कार्डावरचा हा खर्च पडद्यावर फारसा दिसतच नाही.

असे का होते?

कार्ड चित्रे म्हणजे फ्रेम तयार करते, मॉनिटर त्या दाखवतो. ६० हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. २०२१ मध्ये आलेले ‘आरटीएक्स ३०६०’सारखे मध्यम कार्डही ‘व्हॅलोरंट’मध्ये सेकंदाला शंभराहून बऱ्याच अधिक फ्रेम देते. त्यातल्या उरलेल्या एकतर वाया जातात किंवा अर्धवट दिसून चित्र मधोमध फाटल्यासारखे वाटते. जास्त फ्रेममुळे माऊसची कळ दाबल्यापासूनचा विलंब थोडा घटतो हे खरे; पण १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर चित्र दर ६.९ मिलिसेकंदांनी बदलते, तो फरक पहिल्याच सामन्यात जाणवतो.

उलट बाजूही आहे. ‘सायबरपंक २०७७’ रे ट्रेसिंगसह ४० फ्रेमवर रखडत असेल, तर १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर त्या ४० फ्रेमच्या १४४ करणार नाही. तिथे कार्डच हवे.

पैसे न खर्चता कसे ओळखायचे?

सर्वांत आधी विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’, ‘डिस्प्ले’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून रिफ्रेश रेट पाहावा. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेऊन तो महिनोन्‌महिने ६० वरच चालवणारे कमी नाहीत. केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खोचलेली असणे, हाही नेहमीचा घोळ. इतक्यावरच काम भागले, तर पैसे वाचले.

नंतर नेहमीचा गेम सुरू करावा, व्ही-सिंक बंद करावे आणि फ्रेमचा आकडा पडद्यावर दिसेल असे करावे. आकडा मॉनिटरच्या रिफ्रेश रेटपेक्षा सतत बराच वर राहत असेल, तर अडथळा मॉनिटरचा. खाली असेल, तर गेमचे रिझोल्यूशन आणि ग्राफिक्स अगदी कमी करून पाहावे. आकडा उसळला तर कार्ड कमी पडते आहे. तरीही तो हलला नाही, तर बहुधा प्रोसेसर थकलेला आहे. मग नवे कार्डही उपयोगाचे नाही आणि नवा मॉनिटरही. ही शेवटची शक्यता दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

‘फोर के’चा मोह

मॉनिटर घ्यायचे ठरल्यावर खरी गफलत इथे होते. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख, तर फोर केवर ८२.९ लाख. म्हणजे फोर के मॉनिटर जोडताच त्याच कार्डावर चौपट पिक्सेल रंगवण्याचे काम येऊन पडते. मॉनिटर स्वस्तात मिळाला, तरी त्याच्यापाठोपाठ महाग कार्डाचे बिल येते. मध्यम कार्ड असलेल्यांनी २४ इंची १०८०पी किंवा फार तर २७ इंची १४४०पीवर थांबावे. २७ इंचांवर १०८०पी मात्र घेऊ नये, अक्षरे आणि कडा खरबरीत दिसतात.

खोक्यावरच्या ‘१ मिलिसेकंद’ आणि ‘एचडीआर’ या शब्दांवरही फार भाळू नये. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या प्रमाणपत्रासाठी पडद्याचा उजेड भागाभागाने कमी-जास्त करण्याची सोयही सक्तीची नाही.

त्यापेक्षा ‘ॲडॅप्टिव्ह सिंक’ आहे का, हे विचारावे. यात मॉनिटर कार्डाच्या चालीने चालतो. फ्रेम ५५ ते ८० दरम्यान खाली-वर होत असल्या, तरी खेळ अडखळल्यासारखा वाटत नाही. अनेक मॉनिटरमध्ये ही सोय ४८ हर्ट्‌झपासून सुरू होते. एनव्हिडियाने २०१९ पासून आपल्या कार्डांवर असे मॉनिटर चालू दिले आणि एकाच कंपनीच्या जोडीत अडकण्याची सक्ती उरली नाही. जुन्या कार्डाला थोडी ओढ देणारी ही सर्वांत स्वस्त सोय म्हणता येईल. सोबत एएमडीचे २०२१ मधले ‘एफएसआर’ तंत्र आहे, ते जुन्या कार्डांवरही चालते. १०८०पीवर त्यात चित्र किंचित धूसर होते, एवढीच तक्रार.

मग आधी काय घ्यावे?

कार्ड गेल्या चार-पाच वर्षांतले, मध्यम दर्जाचे आणि मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल, तर आधी मॉनिटर. चांगला पडदा दोन कार्डे जुनी होईपर्यंत सहज टिकतो आणि त्यावर अभ्यास, सिनेमा, ऑफिसचे कामही होते. शिवाय तो घेताना बाकी पीसीला हात लावावा लागत नाही. मोठ्या कार्डाला मात्र कधी नवा एसएमपीएस लागतो, कधी कॅबिनेटच अपुरे पडते. हा खर्च हिशेबात धरलेला नसतो.

कार्डाची मेमरी ४ जीबी असेल, तर हा क्रम उलटा करावा. नव्या मोठ्या गेममध्ये ती इतकी अपुरी पडते की, पडदा कुठलाही असो, खेळ मध्येच थबकतो. आणि मॉनिटर घेतलाच, तर दुकानात तो सुरू करून पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या चित्रावर मृत पिक्सेल तपासावेत. एखाद-दुसऱ्या पिक्सेलसाठी अनेक कंपन्या पडदा बदलून देत नाहीत.