नवी गाडी कोणाच्या जागीं?

बदलापूर हें नांव मराठेशाहींत येथें घोडे बदलले जात त्यावरून पडलें, असें सांगतात. कथा खरी असो वा नसो, घोडा बदलावयाचा तो स्वारास पुढें नेण्यासाठीं, हें कोणीहि मान्य करील. ऑगस्ट २०२२ मध्यें मात्र या मार्गावर घोडा नवा आला आणि स्वार फलाटावर राहिला. मध्य रेल्वेनें दहा साध्या लोकल काढून त्यांच्या जागीं वातानुकूलित लोकल घातल्या. कळवा व बदलापूर येथील उतारू खवळून उठले आणि थोड्याच दिवसांत त्या दहाही फेऱ्या मागें घ्याव्या लागल्या.

त्या वेळीं सुशिक्षित मंडळींनीं (त्यांत आमच्या पेशाचे लोक कमी नव्हते) या उतारूंस सुधारणेचे शत्रु ठरविलें. हा आरोप निखालस खोटा आहे. १९२५ सालीं सुरू झालेली १५०० व्होल्टांची वीजपद्धति जाऊन २५,००० व्होल्टांची आली. जुन्या पद्धतीची शेवटची लोकल एप्रिल २०१६ मध्यें धांवली. जुने डबे गेले, अधिक हवेशीर डबे आले. त्यासाठीं कोणी रूळ अडविले काय? तिकीट तेंच राहिलें, म्हणून नवी गाडी सर्वांची झाली. वातानुकूलित गाडीचें एकेरी तिकीट मे २०२२ मध्यें निम्म्यावर आणलें खरें. पण पासाचा दर तसाच ठेविला, आणि रोज पोट भरावयास जाणारा मनुष्य पासावर जातो!

खरा अन्याय थंड हवेचा नाहींच. तो दाराचा आहे. मिटणारें दार ही जीव वांचविणारी वस्तु, आणि ती इतकीं वर्षें गारव्याच्या किंमतींत गुंडाळून विकली गेली. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ कसाऱ्याकडे जाणारी व कर्जतहून मुंबईस येणारी अशा दोन लोकल वळणावर एकमेकींजवळून गेल्या; दारांत लटकलेले उतारू खालीं पडले आणि त्यांतले कित्येक प्राणांस मुकले. त्यानंतर साध्या गाड्यांसहि आपोआप मिटणारीं दारें, त्यांत हवेसाठीं झडपा आणि छतावर वायुवीजन करूं, असें रेल्वेनें जाहीर केलें. म्हणजे हें शक्य होतें. मग तें सुचावयास प्रेतें कां पडावीं लागलीं?

यावर ठराविक उत्तर असें कीं, मुंबईचें रेल्वेभाडें अत्यंत अल्प आहे. सुख हवें त्यानें पैसे मोजावे. सुखासाठीं जरूर मोजावे. पण जिवंत घरीं परतणें ही चैनीची बाब कधींपासून झाली? शिवाय हीं माणसें हौसेनें दूर राहावयास गेलेलीं नाहींत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासितांस वसविलें, त्याच वसाहतीस १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. अंबरनाथेस कारखान्यांनीं माणसें आणलीं. बदलापुरास, मुंबईंत ज्यांना खोली परवडली नाहीं ते गेले. तेथून बोरीबंदर ६८ किलोमीटर. ज्यांच्या श्रमांवर मुंबई चालते त्यांनाच तिनें लांब लोटावयाचें आणि लांब राहिल्याबद्दल दंडहि करावयाचा, असा हा न्याय आहे.

दार मिटलें कीं बाहेर लोंबणारा मनुष्य फलाटावरच राहणार, ही शंका रास्त आहे. म्हणूनच फेऱ्या वाढल्या पाहिजेत. आणि येथें कल्याणपुढची खरी गांठ लागते. लोकल, पुण्याकडच्या मेलगाड्या आणि मालगाड्या या सर्वांचा भार तेथें दोनच रुळांच्या मार्गांवर पडतो. अशा ठिकाणीं नवी गाडी घालावयाची तर जुनी काढल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि काढली जाते ती नेहमीं साधी. कल्याण ते बदलापूर तिसरा व चौथा मार्ग २०१९ सालीं मंजूर झाला. २०२५ साल उजाडलें तरी त्यांवरून एकहि गाडी धांवली नव्हती. शीतगाड्यांना हिरवीं निशाणें दाखवितांना जी तत्परता दिसली, तिचा चौथा हिस्सा तरी या चौदा किलोमीटरांच्या वाट्यास यावयास नको होता काय?